न पिणाऱ्याचं लिव्हर

श्यामकांत वैरागडे यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. ही गोष्ट त्यांना कुणी विचारावी लागत नसे, ते आपणहून सांगत. रायपूरच्या तात्यापाऱ्यात त्यांचं आणि आमचं घर लागून आहे, मधली भिंत एकच. त्यामुळे हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकत आले आहे. गणपतीची वर्गणी मागायला मंडळवाले आले की आधी "विसर्जनाले कोणी पिऊन आला तं" या विषयावर भाषण, मग पावती. लग्नाच्या वरातीत ते बँडपासून पन्नास पावलं मागे चालत, कारण बँडच्या पुढे नाचणारे सगळे प्यालेले असतात असं त्यांचं ठाम मत.

एका दिवाळीला त्यांचा साळा निरंजन, म्हणजे इंदूचा धाकटा भाऊ, लक्ष्मीपूजनाच्या वेळी आला. श्यामभाऊंना वास आला. त्यांनी त्याला अंगणातल्या नळावर नेऊन पाच वेळा चूळ भरायला लावली आणि प्रत्येक चुळीनंतर स्वतः नाक पुढे करून हुंगलं. मी भिंतीवरून बघत होते. निरंजन चाळिशीचा माणूस, सिंचन खात्यात नोकरीला. पाचव्या चुळीनंतर त्याला घरात घेतलं आणि अनारसा दिला. निरंजनने तो खाल्ला, पण अपमान गिळला नाही.

श्यामभाऊ पंडरीच्या कपडा मार्केटात एका ठोक दुकानात सेल्समन आहेत. तीस वर्षं झाली. सकाळी साडेदहाला पांढऱ्या गादीवर मांडी घालायची ती संध्याकाळी आठला सोडायची. धमतरी, महासमुंद, बालोद इथले दुकानदार माल घ्यायला येतात. त्यांच्यासमोर साड्या फेकायच्या, किंमत फिरवायची, चहा मागवायचा. चहा ग्राहकाला एकट्याला देऊन चालत नाही. "आपण संग घोट घेतला नाही तं सौदा कच्चा राहते," असं ते सांगत. दिवसाला चौदा ग्राहक म्हणजे चौदा चहा. चारच्या सुमाराला आलूगुंडे, म्हणजे बटाटेवडे. घरी आल्यावर भाताचे दोन डोंगर, वरणाची नदी.

शरीर कसं, तर हातपाय काडीसारखे आणि मधे पोट. मागून बघितलं तर सडपातळ माणूस, वळला की नवव्या महिन्यात. ते स्वतःला बारीक समजत, कारण मनगट बघत.

गेल्या वर्षी मार्चमध्ये इंदूच्या पोटात जेवल्यावर दुखायला लागलं. पित्ताशयात खडे आहेत का बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं. ज्या सेंटरला ती दोघं गेली तिथे बोर्ड होता: महिला दिनानिमित्त खास, पत्नीच्या सोनोग्राफीसोबत पतीची सोनोग्राफी मोफत. महिला दिनाला नवऱ्याला फुकट, हे डोकं कुणाचं होतं कोण जाणे. पण तीस वर्षं लोकांना 'एकावर एक' म्हणून साड्या खपवणारा माणूस स्वतः असा बोर्ड सोडून जाईल कसा? इंदू म्हणाली, "तुमाले काय झालं आहे?" ते म्हणाले, "काही झालं नाही. पण फुकट आहे ना!"

इंदूचं पोट साफ निघालं, नुसती ॲसिडिटी. मग श्यामभाऊ आडवे झाले. पोटावर गार जेल लावून डॉक्टरने यंत्र फिरवलं, एका जागी थांबवलं, परत फिरवलं आणि पडद्याकडे बघतच विचारलं, "पीते हैं?"

श्यामभाऊ जेलसकट उठून बसले. मंडळवाल्यांसमोरचं भाषण त्यांनी तिथे हिंदीत दिलं. डॉक्टरने शांतपणे त्यांना परत आडवं केलं. "हां हां अंकल. सब यही बोलते हैं."

रिपोर्ट आला: फॅटी लिव्हर, ग्रेड दोन.

त्यांची मुलगी इरावती बँकेच्या परीक्षांची तयारी करते. तिला मराठी सगळं समजतं, बोलते हिंदी. रिपोर्ट तिला पाठवायचा म्हणून श्यामभाऊंनी चष्मा न लावता मोबाईल काढला, आणि तो गेला 'वैरागडे परिवार' या ग्रुपवर. गोंदिया, दुर्ग, नागपूर, रायपूर मिळून त्रेसष्ट माणसं. काढून टाकायचं बटण सापडेपर्यंत जोडलेल्या हातांची रांग लागली होती. कुणी भुईआवळा सुचवला, कुणी दुधीचा रस. गोंदियाच्या एका पुतण्याने लिहिलं, 'काका, लाज वाटू देऊ नका, मीपण घेतो कधीकधी.'

"पापा, ये नॉन-अल्कोहोलिक वाला होता है," इरावती सांगत होती. "बिना पिए भी होता है. मैंने पढ़ा है."

"पण लिव्हर तं लिव्हरच ना!" श्यामभाऊ ओरडले. "लोक का वाचते? लोक पहिला शब्द वाचते!"

संध्याकाळी निरंजन आला. हातात पुडी होती, त्यात भाजलेले चणे आणि शेव.

"हे काय आहे?" श्यामभाऊंनी विचारलं.

"चखना," निरंजन म्हणाला. "आता एकटे एकटे नका बसत जाऊ, भाऊजी. आपण आहोत ना."

इंदू हसली. मला भिंतीपलीकडे ऐकू आलं. ती तोंड दाबून हसत होती, पण हसली. निरंजन आणखी रंगात आला. "आपण पिऊन ठणठणीत अन् तुमी न पिता गेले. मंग फायदा कोणाले झाला, सांगा." निरंजनने स्वतःचं लिव्हर कधी तपासलं नव्हतं हा भाग वेगळा. न बघितलेलं पोट ठणठणीतच असतं.

त्या दिवसापासून श्यामभाऊ बदलले, पण चुकीच्या बाजूला. डॉक्टरकडे जायचं म्हटलं की एकच धास्ती: तो पुन्हा विचारेल, पिता का? तेव्हा त्यांनी डॉक्टर टाळला आणि इलाज धरला. महासमुंदच्या एका ग्राहकाने पत्ता दिला. बीरगांवच्या पलीकडे एक माणूस 'लिव्हर शुद्धी' चूर्ण देतो, सहा आठवड्यांत लिव्हर आरशासारखं. डब्यावर त्या माणसाचा फोटो होता, फुलांच्या हारासकट. चूर्णात काय आहे ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. रंग मातीचा, चव मातीहून वाईट. रोज अनशापोटी दोन चमचे. त्यानंतर कडू तोंड गोड करायला चहा, नेहमीच्या साखरेचा.

दुसऱ्या महिन्यात त्यांची भूक गेली. आलूगुंडे परत जायला लागले तेव्हा दुकानातले लोक घाबरले. अंगाला खाज सुटली. एक दिवस इंदू मला म्हणाली, "राधिका, यायच्या डोळ्यात हळद दिसून राहिली मले. का माझेच डोळे खराब झाले?"

मी जाऊन बघितलं. तिचे डोळे चांगले होते.

डॉ. रूपाली लांजेवार मूळच्या भंडाऱ्याच्या. वय जेमतेम चाळीस, आवाज भाजी बाजारातला. इंदूने नवऱ्याला ओढतच नेलं. सोबत मीही गेले, कारण रिक्षात त्यांना दोन्ही बाजूंनी धरून बसायला माणूस हवं होतं. नाहीतर जयस्तंभ चौकात सिग्नलला उतरून गेले असते.

डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या. "काय घेता?"

"मी आयुष्यात दारूचा थेंब..."

"दारू विचारली का मी? चूर्ण, काढा, गोळी, रस. काय घेता?"

 इंदूने पर्समधून डबा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी हारवाल्या फोटोकडे बघितलं, डबा उघडून वास घेतला आणि झाकण लावलं. "हे आजपासून बंद. एक चमचाही नाही."

रक्ताचे रिपोर्ट आले. लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढतो तो एसजीपीटीचा आकडा चाळिसाच्या आत हवा होता, तो तीनशेच्या वर होता. काविळीचे विषाणू नव्हते. "तुमच्या लिव्हरमधे आधीच चरबी होती," डॉक्टर म्हणाल्या. "तरी ते बिचारं हळूहळू काम करत होतं. तुम्ही साफ करायला गेलात अन् घराले आग लावली. नशीब लवकर आलात."

चूर्ण थांबल्यावर सहा आठवड्यांत डोळे पांढरे झाले, खाज गेली, आकडा ऐंशीवर आला. ऐंशी हा मूळ आजाराचा. मग लिव्हर किती कडक झालंय ते मोजायची फायब्रोस्कॅन नावाची तपासणी केली. पोटावर टकटक करतं, दुखत नाही. कडकपणा थोडा वाढलेला निघाला. तीन महिन्यांची सरासरी साखर सहा पॉइंट दोन, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, चप्पल काढून उभी.

त्या दिवशी डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. साखर, मैदा, भात गरजेपेक्षा जास्त गेला आणि अंग हललं नाही, की शरीर उरलेल्याची चरबी करून ठेवतं. आपल्या लोकांचे हातपाय बारीक राहतात आणि ही चरबी पोटात, लिव्हरमध्ये जाऊन बसते. तिथे सूज येते, सुजेचे व्रण पडतात, व्रणांनी लिव्हर हळूहळू कडक होतं. सगळ्यांचं होत नाही, पण काहींचं होतं. आणि ज्याचं लिव्हर असं, त्याच्या हृदयाकडेही लक्ष ठेवावं लागतं. "वजन आठ टक्के तरी उतरवा. सुजेले, व्रणाले त्याच्यानं खरा फरक पडतो. साफ करायचं टॉनिक वगैरे काही नसते. अन् दुर्लक्ष केलं तर वीस वर्षांनी सिरोसिस. पोटात पाणी होते, मग..."

"न पिता?" श्यामभाऊंनी विचारलं.

"न पिता."

"पोटात पाणी होते, न पिता?"

"हो काका. सांगितलं ना."

"म्हणजे एखादा माणूस कधीच प्यायला नाही, तरी त्याच्या पोटात पाणी होऊ शकते?"

तिसऱ्यांदा विचारल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. इंदूने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं, मला नव्हतं.

श्यामभाऊंचे वडील गंगाधरराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. गोलमटोल, शुगरचा आजार, स्वभावाने गमत्या माणूस. बावन्नाव्या वर्षी पोट ढोलासारखं फुगलं. दवाखान्यात मोठ्या डॉक्टरने सगळ्यांसमोर विचारलं, "कितने साल से पी रहे हो?" गंगाधरराव म्हणाले, मी पीत नाही. डॉक्टर हसला, शेजारच्या खाटेवरचे हसले. श्यामकांत तेव्हा वीस वर्षांचे, खाटेपाशी उभे. आईने घरातली कपाटं, माळा, कोळशाची कोठी सगळं उपसून बाटली शोधली. सापडली नाही. त्यावरून पाऱ्याने, म्हणजे आख्ख्या मोहल्ल्याने, निष्कर्ष काढला की माणूस किती पक्का असेल! तीन महिन्यांत गंगाधरराव गेले, ते बेवडे म्हणून. मुलानेही तेच मानलं. थेंब न घेण्याची शपथ तिथली.

हे सगळं इंदूने डॉक्टरांना थोडक्यात सांगितलं.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "काका, मी त्यांना तपासलेलं नाही. तेव्हा आजच्यासारख्या सगळ्या तपासण्याही होत नव्हत्या. कावीळ असेल, दुसरं काही असेल. मी आज कसं सांगू? पण शुगर होती, पोट होतं... ते खोटं बोलत होते असं म्हणायला माझ्याकडे काही कारण नाही."

दुसऱ्या दिवशी श्यामभाऊंनी तीस वर्षांत पहिल्यांदा दुकानाला दांडी मारली आणि लोकल धरून दुर्गला गेले. तिथे त्यांची रमाआत्या मुलाकडे राहते. गंगाधररावांची धाकटी बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची, कान गेलेले, जीभ शाबूत. तिथे काय झालं ते त्यांनी परत आल्यावर आमच्या ओट्यावर बसून मला सांगितलं.

"मी आत्याले विचारलं, बाबा प्यायचे का? तिनं मले पहिलं तं ऐकलंच नाही. मंग ओरडून विचारलं, आख्ख्या गल्लीनं ऐकलं. तं म्हणते कशी, 'तुले आज सुचलं का रे पोट्ट्या हे विचाराले?'"

आत्याने सांगितलं ते असं. कलकत्त्याकडून येणाऱ्या गाड्यांत रसगुल्ल्याचे मातीचे हंडे पार्सलने यायचे. दर खेपेला दोन-तीन फुटायचे. फुटलेला माल पुढे जात नसे, तो पार्सल ऑफिसातच संपवावा लागे, आणि तो संपवण्यात गंगाधररावांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शुगर निघाल्यावर डॉक्टरने गोड बंद केलं, बायकोने घरातली साखर कुलपात ठेवली. हंडे मात्र फुटतच राहिले. मग ते घरी यायचे ते तोंड पुसत, चूळ भरून, बायकोची नजर चुकवत.

"चोरून रसगुल्ले खायचा तुझा बाप," रमाआत्या म्हणाली. "चोरून खायचा म्हणून चोरासारखा दिसायचा. वहिनीले वाटे, दारू. मी सांगितलं ना तिले. तुलेही सांगितलं तेराव्याच्या दिवशी. तू म्हणाला, आत्या, तू भावाची बाजू घेऊन राहिली. मंग मी चूप बसली. बाईचं कोण ऐकते?"

एवढं सांगून श्यामभाऊंनी माझ्याच ओट्यावर माझ्याच पायपुसण्याला नाक पुसलं.  "चौतीस वर्षं मी त्यायले शिव्या देऊन राहिलो, वहिनी. तेही मनातल्या मनात. तोंडावर दिलेल्या शिवीची माफी मागता येते. मनातल्या शिवीची कशी मागते?"

 मी चहा विचारला. ते म्हणाले, "बिनसाखरेचा." आणि एक घोट घेऊन असं तोंड केलं, जणू चूर्णच बरं होतं.

साखर सुटण्याचा प्रसंग इंदूने घडवला. चौदा कप, कपात दोन चमचे, असे अठ्ठावीस चमचे तिने त्यांच्यासमोर स्टीलच्या वाटीत मोजून टाकले. वाटी भरली आणि सांडली. "हे खा," ती म्हणाली. "चहा नको. सरळ हेच खा चमच्यानं, रोज." ते वाटीकडे बघत राहिले. इरावतीने फोटो काढला आणि तो मात्र बरोबर ग्रुपवर, मुद्दाम टाकला.

दुकानात मोठी पंचाईत झाली. सेल्समनने चहा नाकारला की ग्राहकाला वाटतं मालात खोट आहे. पहिल्या आठवड्यात धमतरीचा एक जुना दुकानदार रुसून समोरच्या दुकानात जाऊन बसला. शेवटी चहावाल्याशी ठरलं: श्यामभाऊंच्या कपात बिनसाखरेची काळी कॉफी. कप तोच, घोट तोच, सौदा पक्का. डॉक्टरांनीही चालेल म्हणून सांगितलं होतं. दोन महिने कुणाला कळलं नाही. कळलं तेव्हा तीन ग्राहकांनी स्वतःसाठी तीच मागवली.

मग चालणं. तात्यापाऱ्याहून पंडरी काही लांब नाही, पण रायपुरात पायी जाणारा शहाणा माणूस एकतर गरीब असतो किंवा त्याची गाडी बिघडलेली असते. पहिल्या दिवशी त्यांना सात जणांनी लिफ्ट देऊ केली. "भैया, गाड़ी खराब हो गई क्या? बैठो, छोड़ देता हूँ." तीन वेळा ते भिडेखातर बसलेही. पुढे त्यांनी उत्तर तयार केलं: "नवस आहे." नवस म्हटलं की कुणी थांबवत नाही. उन्हाळ्यात मात्र नवसही वितळतो. तेव्हा ते पहाटे बूढा तालाबाला फेऱ्या मारत आणि दुकानाला स्कूटरने जात.

दुकानाचं गोदाम तिसऱ्या मजल्यावर. आधी ते खालून हाक मारत, आता साड्यांचे गठ्ठे स्वतः जाऊन आणतात, दिवसातून दहा-बारा वेळा. पहिल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावर बसून देवाचं नाव घ्यायचे. सेठ म्हणाला, "वैरागडेजी, माल ला रहे हो या मन्नत माँग रहे हो?"

घरात इंदूने भात अर्धा केला. बंद केला नाही; छत्तीसगडमधे राहून भात बंद करणाऱ्याला शेजारीसुद्धा घरात घेत नाहीत. भाताच्या उरलेल्या जागी इथल्या पालेभाज्या आल्या. लाल भाजी, चेच भाजी, करमत्ता, बोहार, एकेक दिवस एकेक. सकाळी मुगाचा चीला, म्हणजे धिरडं. महिनाभराने भिंतीपलीकडून आवाज आला, "इंदू, मी गाय झालो बाप्पा. आता फक्त दूध द्यायचं बाकी आहे."

इंदू म्हणाली, "गाईचं पोट कमी होत नाही. तुमचं होऊन राहिलं."

सगळं सरळ झालं असं नाही. राखीला त्यांनी एका बैठकीत अकरा पुरणपोळ्या खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभं राहायला नकार दिला. एकदा इरावतीने त्यांना चौकातल्या ठेल्यावर गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खाताना पकडलं. "पापा, ये क्या है?" "पाणी आहे त्याच्यात," ते म्हणाले, "डॉक्टरनं पाणी प्याले सांगितलं."

पितृपक्षात त्यांनी दरवर्षी वडिलांचं पान वाढलं होतं, पण तोंड कडू करून, कर्तव्य म्हणून. गेल्या वर्षी त्यांनी सकाळी स्वतः जाऊन रसगुल्ले आणले. पानावर खीर, वडे, भात, आणि मधोमध सहा रसगुल्ले. गच्चीवर पान ठेवून हात जोडून उभे राहिले. किती वेळ, ते मी मोजलं नाही; माझ्या पोळ्या तव्यावर होत्या. ओठ हलत होते, हे दिसलं. कावळा आला. त्याने रसगुल्ल्याला एक टोच मारली, पाक उडाला, कावळा दचकला आणि वडा घेऊन उडाला. गच्चीवर तीन दिवस मुंग्यांची जत्रा होती आणि इंदू तीन दिवस सासऱ्यांच्या नावाने बोटं मोडत होती. उरलेले रसगुल्ले निरंजनने खाल्ले. खाताना तो पहिल्यांदा काही टोमणा न मारता म्हणाला, "भाऊजी, मोठे बाबूजी मले आवडायचे. लहानपणी आमी याच पाऱ्यात राहत होतो ना, तवा मलेही आणून द्यायचे हे."

"तुले माहीत होतं?"

"मले वाटे, सगळ्यायले माहीत आहे."

श्यामभाऊ त्याच्याकडे बघत राहिले. मारावं की मिठी मारावी, ते ठरेना बहुतेक. शेवटी त्याच्या पानात आणखी एक रसगुल्ला वाढला.

यंदा जूनमध्ये पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या. वजन एकोणऐंशीवरून साडेएकाहत्तर. एसजीपीटी छत्तीस. सरासरी साखर पाच पॉइंट आठ. लिव्हरची चरबी कमी, कडकपणाही खाली आला होता. श्यामभाऊ बोर्डाचा निकाल लागल्यासारखे पेढ्यांचा विचार करत होते, तेवढ्यात डॉ. लांजेवार म्हणाल्या, "खूष व्हा, पण पास झालो म्हणून पुस्तक फेकू नका. सोडलं की परत येते. सहा महिन्यांनी रक्त, वर्षानी स्कॅन." मग इरावतीकडे वळून, "तुझ्याही घरात शुगर आहे, लिव्हर आहे. दिवसभर बसून अभ्यास करतेस ना? तूपण चालायला लाग."

"मैं?" इरावती म्हणाली. "मैं तो पतली हूँ."

"तुझे बाबाही असंच म्हणत होते."

मागच्या महिन्यात दुकानात आणखी एक प्रकार झाला. हिशेबाला बसणारा भार्गव नावाचा पस्तिशीचा मुनीम आहे. त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. दुकानात कुजबुज सुरू झाली. सेठ म्हणाला, "पीता होगा." समोरच्या दुकानापर्यंत बातमी गेली. श्यामभाऊ गादीवरून उठले आणि भर दुकानात, ग्राहकांसमोर, सेठला म्हणाले, "आपने पूछा क्या उससे? बिना पिए भी होता है. मेरे बाप को हुआ. मुझे हुआ. बिना पूछे किसी का नाम खराब मत करो." तीस वर्षांत त्यांनी सेठला उलटून उत्तर दिलं नव्हतं. सेठ चहाचा कप हातात धरून बसला. 

त्यांनी भार्गवला स्कूटरवर बसवलं आणि थेट डॉ. लांजेवारांकडे नेलं. वाटेत त्याला सगळं समजावलं, साखर, भात, गोदामाचे जिने, चूर्णापासून सावध. भार्गव मागे बसून होकाराचं हव, हव करत होता. डॉक्टरांनी पोट तपासलं आणि विचारलं, "पीते हो?"

"जी," भार्गव म्हणाला. "रोज. आधी बोतल. कभी पूरी."

श्यामभाऊंनी हे मला सांगितलं तेव्हा मी एवढी हसले की शिलाई मशीनवरची फॉलची साडी खाली गेली. पण पुढचं ऐकून थांबले. मी विचारलं, मग भाषण दिलं असेल ना तुम्ही? तर म्हणाले, नाही. बाहेर येऊन दोघं बाकावर बसले. भार्गव रडत होता. आता सेठसमोर कसं जाऊ, सगळ्यांना कळणार, असं म्हणत होता. श्यामभाऊ म्हणाले, तू खरं सांगितलं ना, मंग झालं. बाकीच्यायले काय सांगायचं ते मी पाहतो.

आता दर मंगळवारी ते भार्गवला घेऊन दवाखान्यात जातात. दारू सोडवायचे डॉक्टर वेगळे आहेत, त्यांच्याकडेही नेतात. दोन वेळा भार्गव आलाच नाही. तिसऱ्या वेळी ते त्याच्या घरी जाऊन, स्कूटर दारात लावून, हॉर्न वाजवत बसले.